टेस्ट ट्यूब बाळं पन्नाशीकडे

स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख हे रेल्वे स्टेशन समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४५० मीटर उंचीवर आहे. पर्यटक तिथे बर्फ बघायला जातात. बर्नच्या डॉक्टरांनी मात्र धडधाकट मुलांना तिथे नेलं ते त्यांच्या फुप्फुसांच्या रोहिणीतला दाब मोजायला. विरळ हवेत तो सगळ्यांचाच वाढतो. टेस्ट ट्यूब तंत्राने जन्मलेल्या मुलांमध्ये तो इतरांपेक्षा तीसेक टक्के जास्त भरला. रक्ताचा ओघ वाढल्यावर दंडातली रोहिणी जेवढी सैलावायला हवी, तेवढीही ती सैलावत नव्हती.

२०१२ साली हे निष्कर्ष छापून आले आणि पहिली शंका आली ती आईवडिलांवर. दोष वंध्यत्वाचाच असेल! पण याच जोडप्यांना नैसर्गिकरीत्या झालेल्या मुलांच्या रक्तवाहिन्या ठणठणीत निघाल्या. आईला नुसती हार्मोनची इंजेक्शनं देऊन झालेली मुलंही ठीक होती. उरले ते प्रयोगशाळेतल्या बशीत काढलेले भ्रूणाचे पहिले काही दिवस. उंदरांवरच्या प्रयोगात त्या बशीतल्या द्रवात मेलाटोनिन मिसळलं, तर रक्तवाहिन्यांचा बिघाड टळला.

एवढ्या लवकरच्या दिवसांचा मोठेपणीच्या आजारांशी काय संबंध, हा प्रश्न पुणेकरांना तरी पडू नये. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं तेच सांगत आले आहेत: आपली हडकुळी दिसणारी बाळंही अंगात चरबी घेऊनच जन्मतात, आणि मधुमेहाची बीजं गर्भातच पडतात.

बर्नच्या मुलांना पाच वर्षांनी पुन्हा बोलावलं. चोवीस तास बीपी मोजलं, तर टेस्ट ट्यूबच्या ५२ पैकी ८ जणांचं जास्त. इतर ४३ मुलांमध्ये फक्त एकाचं.

आकडे धडकी भरवणारे आहेत, पण मुलं मूठभर. मेलबर्नमध्ये असेच १९३ तरुण-तरुणी तपासले, सगळे २२ ते ३५ वयाचे. त्यांच्यात असा काही फरक सापडला नाही. नॉर्डिक देशांच्या नोंदींत अशी सव्वा लाखाच्या आसपास मुलं होती. हृदयविकार वाढलेला नव्हता, लठ्ठपणा किंचित जास्त होता. अर्थात या मुलांवर सरासरी आठ-नऊ वर्षंच लक्ष ठेवलं होतं, आणि त्या वयात हार्ट अटॅक कुणाला येतो? पहिलं टेस्ट ट्यूब बाळ लुईस ब्राउन जन्मली २५ जुलै १९७८ ला. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून आपल्याकडच्या सुरुवातीच्या टेस्ट ट्यूब बाळांपैकी हर्षा चावडा जन्मली ती ६ ऑगस्ट १९८६ ला. हृदयरोगतज्ज्ञांच्या दृष्टीने खरी परीक्षेची वर्षं आता कुठे सुरू होताहेत.

तोवर हातात असलेला उपाय साधा आहे. जुळी, वेळेआधी जन्मलेली, कमी वजनाची बाळं ही बीपी-शुगरच्या दृष्टीने जुनी ओळखीची जोखीम. स्वीडनने २००३ पासून एका वेळी एकच भ्रूण गर्भाशयात सोडण्याचा दंडक घातला आणि जुळ्यांचं प्रमाण झपाट्याने घसरलं. आपल्याकडे दागिने मोडून आलेलं जोडपं डॉक्टरांना म्हणतं, “खर्च होतोच आहे, तर दोन सोडा. जुळं झालं तर एकदाच सुटलो!”