प्रेज्मेर : शेतकऱ्यांचा कोट

किल्ला म्हटला की राजा किंवा सरदार डोळ्यांपुढे उभा राहतो. रुमानियाच्या ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतात मात्र शेतकऱ्यांनी स्वतःसाठी बांधलेले कोट गावोगाव आढळतात, आणि त्यांच्या मध्यभागी राजवाडा नसून चर्च असते. ब्राशोव्ह नगराजवळील प्रेज्मेरचा कोट त्यांत विशेष भक्कम गणला जातो.

हंगेरीचा राजा दुसरा अँड्र्यू याने १२११ साली ट्यूटॉनिक संघाच्या धर्मयोद्ध्यांना या सीमाभागात वसविले आणि १२२५ साली हाकलूनही दिले. त्यांच्या काळात आरंभ झाला असे मानले जाणारे हे चर्च १२४० साली सिस्टर्शियन मठवासीयांकडे गेले. त्याचा मूळ आराखडा समान बाहूंच्या क्रुसासारखा आहे. योद्धे गेले तरी जर्मन शेतकरी राहिले. त्यांना सॅक्सन म्हणतात. पुढे तुर्कांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. अशा वेळी दूरच्या राजाची फौज येईपर्यंत गाव बेचिराख होई. तेव्हा १५व्या शतकात गावकऱ्यांनी चर्चभोवती वर्तुळाकार तट उभारला. त्याची उंची सुमारे १२ मीटर असून जाडी कोठे कोठे ४ मीटरांपर्यंत भरते.

खरी कल्पकता या तटाच्या आतील अंगास आहे. बाहेरून केवळ उघडीबोडकी भिंत दिसते. आत मात्र मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे एकावर एक सुमारे २७० खोल्या आहेत. लाकडी जिने आणि सज्जे यांवरून त्यांत जावे लागते. कुटुंबागणिक खोली नेमलेली असे. शांततेच्या काळात तेथे धान्य साठवीत. शत्रू आला की बायकामुलांसह कुटुंब त्याच खोलीत राहावयास येई. कोठार आधीच भरलेले असल्यामुळे धावपळीत दाणागोटा वाहून आणण्याचा प्रश्नच नसे. वेढ्यातही मुलांचे शिक्षण थांबू नये म्हणून एक खोली शाळेसाठी राखली होती! माथ्याजवळ तटाच्या पोटातून फिरती वाट असून तिच्या जंग्यांतून मारा करता येई. वेशीतून आत येण्यास एकच लांब, कमानदार बोळ आहे.

१९९९ साली युनेस्कोने प्रेज्मेरचा समावेश जागतिक वारशात केला. परंतु ज्यांच्यासाठी हा कोट उभा राहिला ते सॅक्सन तोवर बहुसंख्येने गाव सोडून गेले होते. तुर्कांना न हटलेली ही माणसे १९८९च्या राज्यक्रांतीनंतर सीमा खुल्या होताच जर्मनीस निघून गेली. खोल्यांवरचे क्रमांक अजून आहेत. काही खोल्यांत त्यांची अवजारे व कपडे मांडून ठेवले आहेत.