उंची कमी केलेल्या पिकअप ट्रकचा एका बाजूचा कल

सस्पेन्शनमध्ये फेरबदल करून जमिनीलगत आणलेल्या पिकअप ट्रकची डावी व उजवी बाजू सपाट जागेवरही समान उंचीवर न राहणे, या दोषास एका बाजूचा कल म्हणतात. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, १९७० व १९८०च्या दशकांत छोटे जपानी पिकअप ट्रक खाली आणण्याची आवड रुजली. शेव्हरोलेट सी-१० सारखे मोठे ट्रकही असे खाली आणले जातात. जी बाजू खाली दिसते तिथेच बिघाड असतो असे नाही. त्यामुळे या दोषात दुरुस्तीपूर्वी निदान महत्त्वाचे ठरते.

दोष ठळक दिसण्याचे कारण

थोडा फरक मूळ स्थितीतील ट्रकमध्येही असू शकतो. टायर व मडगार्ड यांत १२० मिलिमीटर अंतर असताना १० मिलिमीटरचा फरक सहसा लक्षात येत नाही. तेच अंतर ४० मिलिमीटरवर आले, की हा फरक त्याच्या एक चतुर्थांश होतो आणि लगेच नजरेत भरतो.

कारणे

* पुढील स्प्रिंग : कॉइल स्प्रिंगचे टोक खाचेत नीट न बसणे किंवा दोन्ही स्प्रिंग असमान कापल्या जाणे. टॉर्शन बार असलेल्या ट्रकमध्ये प्रत्येक बाजूचा समायोजन बोल्ट स्वतंत्र असल्याने दोन्हींचा ताण वेगळा राहू शकतो.
* मागील पाटे : जुने पाटे दोन्ही बाजूंना सारखे बसलेले नसतात. पाटा व अ‍ॅक्सल यांमधील ठोकळ्यात मधल्या बोल्टचे डोके नीट न बसल्यासही उंची बदलते.
* रबरी बुश : चाके अधांतरी असताना बुशचे बोल्ट आवळले, तर गाडी खाली टेकल्यावर रबर पिळले जाऊन स्प्रिंगप्रमाणे विरोध करते.
* वजनाची विभागणी : १९७३–८७ या काळातील शेव्हरोलेटच्या मोठ्या पिकअप ट्रकांत इंधनटाकी चॅसीच्या बाहेर, बाजूला असे. ७५ लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ५५ किलोग्रॅम भरते.
* चॅसी : अपघातात वाकलेली चॅसी.

निदान

चारही टायरांतील हवा योग्य दाबाची करून ट्रक सपाट फरशीवर थोडा मागेपुढे ढकलतात. नंतर चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे आणि जमिनीपासून चॅसीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजतात. चॅसीची उंची समान असून केवळ मडगार्डची वेगळी असेल, तर दोष सस्पेन्शनमध्ये नसून केबिन किंवा हौद्याच्या बसवणीत असतो.

चॅसी कललेली असल्यास पुढील आडव्या दांड्याच्या बरोबर मध्यभागी जॅक लावून पुढील चाके किंचित उचलतात. एकाच मध्यबिंदूवरील आधार कलाला विरोध करत नाही, त्यामुळे आता कल केवळ मागील पाट्यांवर ठरतो. ट्रक सरळ झाला तर दोष पुढे, कल कायम राहिला तर मागे असतो. या चाचणीच्या वेळी ट्रकखाली जाणे धोक्याचे असते.

चुकीच्या दुरुस्तीचे परिणाम

दोष मागे असताना पुढील एकच टॉर्शन बार आवळल्यास ट्रक सरळ दिसू लागतो. परंतु त्या चाकावरील आणि त्याच्या कर्णरेषेतील मागील चाकावरील भार वाढतो व उरलेल्या दोन चाकांवरील भार घटतो. जोरात ब्रेक लावल्यावर, विशेषतः ओल्या रस्त्यावर, कमी भाराचे चाक आधी घसरू शकते आणि ट्रक एका बाजूला ओढला जातो.

दुरुस्ती

प्रथम बुशचे बोल्ट सैल करून, ट्रकचे वजन चाकांवर असताना पुन्हा आवळतात. स्प्रिंग व पाटे जोडीने बदलतात. शेवटी चाकांचे अलाइनमेंट आणि दिव्यांचा रोख पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.