ताप कायम, पण ईएसआर उतरला? पालकांनो, सावध व्हा!

संधिवात म्हटले की गुडघे धरून बसलेली आजी डोळ्यांसमोर येते. पण तो लहान मुलांनाही होतो. वयाच्या १६ वर्षांच्या आत सांधे सुजले, सूज ६ आठवडे टिकली आणि दुसरे कारण सापडले नाही, तर त्याला बालसंधिवात म्हणतात.

याचा एक प्रकार सांध्यांपुरता थांबत नाही. मुलाला रोज जोराचा ताप येतो, बहुधा संध्याकाळी, आणि उतरतो. तापासोबत अंगावर गुलाबी पुरळ उठते व विरते. सावळ्या अंगावर ते चटकन दिसत नाही. यकृत, प्लीहा, गळ्यातील गाठीही वाढतात. अशा सुमारे दहा मुलांपैकी एकाला 'मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम' हा जीवघेणा बिघाड होतो. कुंपणानेच शेत खावे, तशा शरीराच्या रक्षक पेशी बेभान होऊन आपल्याच रक्तपेशी गिळू लागतात. वेळीच ओळखला तर तो आवरता येतो. ओळखण्याची वाट रक्ततपासणीतून जाते.

आपली चूक इथे होते. संधिवातात ईएसआर वाढलेला असतो, हे पालकांना ठाऊक असते. तो ९० वरून २५ वर आला की घरात आनंद होतो. ताप गेला, मूल खेळू लागले, तर तो आनंद खरा. पण ताप चालूच आहे, मूल मलूल आहे आणि ईएसआर मात्र घसरला, तर ती धोक्याची घंटा आहे. ईएसआर म्हणजे नळीतील तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात त्याचे माप. रक्तातील फायब्रिनोजेनमुळे त्या एकमेकींना चिकटून लवकर बसतात. या बिघाडात फायब्रिनोजेन संपत जाते, म्हणून आजार वाढत असताना आकडा उतरतो. सीआरपी मात्र बहुधा चढाच राहतो.

प्लेटलेट्सचेही तसेच. डेंग्यूमुळे हा शब्द वस्तीत सर्वांना माहीत आहे. या संधिवातात प्लेटलेट्स एरवी वाढलेल्या असतात. ६ लाखांवरून त्या पावणेदोन लाखांवर आल्या, तर लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' असेच छापून येईल. प्रत्यक्षात ती मोठी घसरण आहे. म्हणून एका कागदावर विसंबू नका, मागचा कागद शेजारी ठेवा.

तापातल्या अशा मुलाची सर्वांत महत्त्वाची तपासणी म्हणजे फेरिटिन. २०१६ साली जगभरातील तज्ज्ञांनी ठरवलेले निकष असे : फेरिटिन ६८४ च्या वर, आणि पुढीलपैकी कोणतेही दोन -

• प्लेटलेट्स १ लाख ८१ हजार किंवा कमी
• एसजीओटी ४८ च्या वर
• ट्रायग्लिसराइड १५६ च्या वर
• फायब्रिनोजेन ३६० किंवा कमी

निदान डॉक्टरच करतील. आकडे या मर्यादेपर्यंत पोचण्याआधीच त्यांचा कल बदललेला दिसू शकतो. तो ओळखायला आधीचे रिपोर्ट हाताशी हवेत.

घरी एवढे करा. सर्व रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा. वहीत ईएसआर, प्लेटलेट्स, हिमोग्लोबिन यांचे आकडे एकाखाली एक लिहा. मुलगी शाळेत शिकत असेल तर तिलाच हे काम द्या. पावसाळ्यात ताप आला की डॉक्टरांना आधी सांगा, 'मुलाला संधिवात आहे.' डेंग्यूतही प्लेटलेट्स उतरतात आणि फेरिटिन चढते, म्हणून गल्लत होऊ शकते. चालू असलेले स्टिरॉइड मनाने बंद करू नका.

ताप उतरेनासा झाला, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आले, अंगावर निळे डाग उठले, मूल गुंगीत गेले किंवा असंबद्ध बोलू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. फाइल घ्या आणि त्याच रात्री वैद्यकीय महाविद्यालयाचे किंवा मोठे सरकारी रुग्णालय गाठा.

अशा वेळी कोणी अंगारा, उतारा, गंडादोरा सुचवील. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात आपल्याला दिलेला धम्म कारण शोधायला शिकवतो. तापाचे कारण रक्तात आहे, ते तिथेच शोधू या.