संपादकाचे अदृश्य श्रम

ज्या श्रमाला बाजारात भाव नाही, त्याची जमाखर्चाच्या वहीत नोंदही नसते. श्री. पु. भागवत (१९२३-२००७) यांनी ‘सत्यकथा’ मासिकासाठी वेचलेले श्रम या जातीचे होते. आलेले हस्तलिखित बारकाईने वाचावयाचे, लेखकाशी पत्रव्यवहार करावयाचा, प्रसंगी तेच लेखन पुन्हा लिहावयास सांगावयाचे, ही त्यांची रीत. मर्ढेकरांच्या नवकवितेला आणि गाडगीळ-गोखल्यांच्या नवकथेला गिरगावच्या खटाववाडीत घर मिळाले, ते या चिकाटीमुळे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली मौज प्रकाशनाने काढली. धनगरांच्या वस्तीवर नेमलेल्या तरुण मास्तराची ही कहाणी मावळातील वराळ्याच्या शिक्षकालाही परकी वाटू नये.

या चोखंदळपणाला दुसरी बाजूही होती. अनेक नव्या लेखकांना हे दार अरुंद वाटले. १९६९ साली राजा ढाले प्रभृती तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. तो राग सर्वस्वी निष्कारण होता, असे म्हणता येणार नाही. परंतु ज्याचा निषेध करावासा वाटावा, इतके वजन आज किती मासिकांना उरले आहे?

१९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली. मासिक बंद झाले की कागदाचा व छपाईचा खर्च वाचतो. मात्र ‘हे अजून पिकलेले नाही’ असे लेखकाला सांगणारा माणूसही जातो. त्याची किंमत पुढच्या पिढीचा वाचक मोजतो. प्रत्येक महाविद्यालयाने आणि गावच्या वाचनालयाने एका तरी वाङ्मयीन मासिकाची वर्गणी नेमाने भरली, तर भागवतांचे ते खरे स्मरण ठरेल.