नव्वद टक्क्यांवर अडकलेलं काम

बांधकामाच्या साइटवर चौकशी केली की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘नव्वद टक्के झालंय, साहेब.’ पुढच्या आठवड्यातही नव्वद, महिन्याभरानंतरही नव्वदच. प्रायमावेरा किंवा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारख्या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा भरला की पडद्यावरची पट्टी जवळपास पूर्ण रंगते आणि मीटिंगमध्ये सगळे निर्धास्त होतात.

पट्ट्या रंगवणं हे या सॉफ्टवेअरचं खरं काम नव्हे. १९५७च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँटचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत बसवली, ही सॉफ्टवेअर्स आजही त्याच पायावर उभी आहेत. कुठलं काम कशानंतर होणार आणि त्याला किती दिवस लागणार, एवढं सांगितलं की एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी, म्हणजेच क्रिटिकल पाथ, सापडते. त्या साखळीतलं काम एक दिवस रखडलं, की अख्खी इमारत एक दिवस लांबते. बाकीच्या कामांना थोडी सवड असते, तिला फ्लोट म्हणतात.

आता पाचव्या मजल्याचा स्लॅब घ्या. शटरिंग झालं, सळई बांधून झाली, काँक्रीटआधी विजेचे पाइप तेवढे राहिलेत. सुपरवायझरच्या अंदाजाने हे नव्वद टक्के. पण काँक्रीट पडल्याशिवाय सहाव्या मजल्याचे कॉलम उभे राहत नाहीत. म्हणून जाणता प्लॅनिंग इंजिनिअर टक्के विचारतच नाही. शटरिंगला ४०, सळईला ३०, पाइप आणि तपासणीला १०, काँक्रीटला २० असं वजन तो आधीच ठरवून ठेवतो आणि अर्धवट टप्प्याला शून्य देतो. त्या हिशेबाने आजचा आकडा ७०. मग एकच प्रश्न उरतो: राहिलेल्याला किती दिवस? सॉफ्टवेअरमध्ये उरलेल्या दिवसांचा रकाना वेगळा असतो, आणि माझ्या मते सगळ्या रिपोर्टमध्ये मोलाचा रकाना तोच.

पैशांचं गणितही याच वाटेने जातं. सहा महिन्यांत ३ कोटींचं काम व्हायचं होतं, झालं २ कोटी ४० लाखांचं आणि खर्च मात्र ३ कोटी. ‘खर्च ठरल्याप्रमाणेच आहे’ असं कुणी सांगेल, पण झालेल्या कामाला ठरलेल्या कामाने भागलं की वेगाचा आणि झालेल्या खर्चाने भागलं की खर्चाचा निर्देशांक मिळतो, आणि इथे दोन्ही ०.८ आहेत. रुपया खर्चून ऐंशी पैशांचं काम पदरात पडतंय.

सगळ्यात घातक सवय म्हणजे उशीर झाला की बेसलाइनच, म्हणजे सुरुवातीला मंजूर झालेलं वेळापत्रकच, पुढे सरकवणं. नवी तारीख जरूर द्यावी, पण जुनी पुसू नये. फ्लॅट बुक केलेल्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावं. विकासकाला दर तीन महिन्यांनी प्रगतीची माहिती महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर भरावी लागते. ती वाचताना मागच्या तिमाहीची माहिती शेजारी ठेवावी, आणि कुठला आकडा जागचा हललेला नाही ते आधी पाहावं.