डबा नसलेला खजिना : विश्वामित्रीच्या काठाने

गेल्या हिवाळ्यात परदेशातून आलेल्या भाच्याने काळ्या घोड्याजवळच्या पुलावर मोबाइल काढून मला विचारले, "मामा, इथे जवळपास एखादी कॅश लपवलेली असेल का?" मी रोकड समजून खिसा चाचपला!

त्याला अभिप्रेत होता जिओकॅशिंग नावाचा खेळ. मे २०००च्या आरंभी अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांत हेतुतः ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसालाही पृथ्वीवरील एखादी जागा काही मीटरच्या अंतरात गाठता येऊ लागली. लगेच, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. शोधणाऱ्याने आतील वहीत नाव लिहावे आणि एखादी वस्तू घेतल्यास दुसरी ठेवावी, एवढाच नियम. आज असे डबे जगभर लपवलेले आहेत.

आपल्या नदीकाठी मात्र असा डबा लपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुलाखाली बेवारस डबा दिसला तर प्रथम पोलीस येतील, हे एक. दुसरे कारण त्याच वेळी खाली चिखलावर ऊन खात पडले होते. विश्वामित्रीच्या मगरी काठाच्या मातीत बिळे करतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी तेथेच अंडी घालतात. अशा झुडपांत मुलांना हात घालू देणे म्हणजे अपघाताला आमंत्रणच. शिवाय सांडपाणी आणि लेप्टोस्पायरोसिस यांविषयी या स्मरणिकेच्या वाचकांना मी काय सांगावे!

सुदैवाने या खेळाचा डबा नसलेला एक प्रकार २००४ पासून रूढ आहे. त्याला अर्थकॅश म्हणतात. तेथे भूमी, खडक, पाणी यांविषयीचा प्रश्न असतो आणि उत्तर जागेवर जाऊन, डोळ्यांनी पाहूनच द्यावे लागते. आमची रविवारची फेरी त्याच्या नियमांत काटेकोरपणे बसली नसती. पण सोसायटीतील मुलांना घेऊन आम्ही ती केली. पुलांवरून आणि बागेच्या वाटांवरून, काठावर न उतरता.

पहिला प्रश्न पुलावरच. येथे नदीची पातळी मोजतात. २५ फूट ही धोक्याची रेषा. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेले. ते आले कोठून? "पाऊस पडला म्हणून," मुले म्हणाली. पायावरील सुजेचे कारण आपण हृदयात किंवा मूत्रपिंडात शोधतो, तसेच हे आहे. नदीचा उगम पावागडच्या डोंगरात. तिच्या पाणलोटातील आजवा जलाशय सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधून घेतला. वर मुसळधार पाऊस होऊन जलाशयातून पाणी सुटले, की ते बडोद्यातून वाट काढत ढाढर नदीला आणि पुढे खंभातच्या आखाताला मिळते. वाटेतील नाले आणि तळी आपण बुजवली, तर त्याने पसरावे कोठे?

दुसरा थांबा सयाजीबागेतील संग्रहालय. अकोट्याला १९५१ मध्ये सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती येथे आहेत. अकोटा म्हणजे प्राचीन अंकोट्टक, नदीच्या पश्चिम काठावरचे नगर. पूर्वेकडील वटपद्रक हे इ. स. ८१२ च्या ताम्रपटात दान दिलेले एक गाव. आज त्याच गावाचे महानगर झाले आहे! कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांचे गंगावतरणाचे भित्तिचित्र आहे. तेथे प्रवेश मिळेल का, याची मात्र आधी चौकशी करावी.

परतताना पुन्हा पुलावर मगरी मोजल्या. मुलांना तीन दिसल्या, मला दोनच. पुरात मगरी रस्त्यांवर का आल्या, या प्रश्नाला आठ वर्षांच्या एका मुलीने उत्तर दिले, "त्यांच्या पण घरात पाणी शिरलं होतं ना."

शेवटचा प्रश्न घरी नेण्याचा होता : २०२४ मध्ये तुमच्या घरात पाणी कोठवर आले होते, ते मोजून आणा. पुढच्या रविवारी सात मुलांनी आकडे आणले. एकाने मोजपट्टीऐवजी सुतळी आणली होती, त्याच्या खांद्याएवढी.