बागेच्या दारापर्यंतची किंमत

एखाद्या सार्वजनिक स्थळाची किंमत किती, असे विचारले तर बहुतेक जण तिकीटखिडकीवरच्या फलकाकडे बोट दाखवतील. भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजेच मुंबईकरांच्या तोंडी अद्यापही रुळलेली राणीची बाग, हिच्याबाबत गेल्या काही वर्षांत जो वाद झाला, तोही या फलकाभोवतीच फिरत राहिला. पेंग्विन पाहण्यासाठी खुले झाले त्याच वर्षी, २०१७ मध्ये, महापालिकेने प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपयांवर नेले. आईवडील आणि दोन लहान मुले अशा कुटुंबासाठी १०० रुपयांचे एकत्रित तिकीट ठरवले. एका बाजूने ही वाढ गरिबांवर अन्याय करणारी ठरवली गेली. दुसऱ्या बाजूने, एवढ्या मोठ्या उद्यानाची आणि प्राणिसंग्रहालयाची निगा ५ रुपयांत कशी राखायची, असा सवाल करण्यात आला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. परंतु बागेला येणाऱ्या कुटुंबाचा खर्च दारापाशी सुरू होत नाही, तो घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो, ही साधी गोष्ट दोघांच्याही हिशेबातून निसटली.

अर्थशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांपासून लोकांना होणारा लाभ पैशांत कसा मोजावा, हा प्रश्न तेथील उद्यान खात्याने तज्ज्ञांपुढे ठेवला, तेव्हा हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये पत्राने उत्तर दिले. उद्यानाभोवती अंतराची वर्तुळे कल्पावी, प्रत्येक वर्तुळातून किती लोक येतात ते पाहावे आणि त्यांना येण्याजाण्यास पडणारा खर्च हीच त्यांनी मोजलेली किंमत मानावी, असा त्याचा आशय होता. पुढे मॅरियन क्लॉसन यांनी १९५९ मध्ये या कल्पनेला पद्धतीचे रूप दिले आणि ‘प्रवासखर्च पद्धती’ या नावाने ती आज पाठ्यपुस्तकांतून शिकवली जाते. तिचे सार एवढेच की, प्रवेश फुकट असला तरी लांबून येणाऱ्याला उद्यान फुकट नसते. अंतर वाढले, वाहन बदलावे लागले, वाट पाहावी लागली की किंमत वाढते. आणि किंमत वाढली की येणाऱ्यांची संख्या घटते. फलक मात्र तोच राहतो.

राणीच्या बागेचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ही बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिच्या लगतचे वस्तुसंग्रहालय, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये उघडले. पुढे भायखळा, लालबाग, परळ या पट्ट्यात कापडगिरण्या उभ्या राहिल्या, गिरणगाव वसले आणि ही बाग कामगार कुटुंबांच्या पायी चालण्याच्या टप्प्यात आली. लालबागच्या चाळीतून मुलांना घेऊन निघालेल्या माणसाला वाहनाला एक पैसाही द्यावा लागत नसे. ज्यांना लांबून यायचे त्यांच्यासाठी बागेसमोरच्या रस्त्यावरून ट्राम धावत असे. मुंबईत विजेवरची ट्राम १९०७ मध्ये आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. ट्राम मंदगती होती खरी. पण पोराबाळांना घेऊन चढण्याउतरण्यास ती सोपी होती आणि भाडे सामान्यांना परवडणारे होते.

ते गिरणगाव आता राहिलेले नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, जमिनींवर मनोरे उठले आणि जुनी कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरार अशी पांगली. हॉटेलिंगच्या भाषेत बोलायचे तर, जे पहिल्या वर्तुळात राहत होते ते चौथ्या-पाचव्या वर्तुळात गेले. बाग जागच्या जागी राहिली आणि तिच्यावर ज्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा हक्क होता, त्यांच्यासाठी तिची किंमत वाढली. ही वाढ कोणत्याही ठरावाने झाली नाही. त्यामुळे तिच्याविरुद्ध मोर्चाही निघाला नाही.

आता निरनिराळ्या मार्गांचा हिशेब करून पाहू. ठाण्याचे चौघांचे कुटुंब घेतले, तर भायखळ्याचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट १० रुपये, मुलांना अर्धे. येऊनजाऊन ६० रुपये होतात. भायखळ्याला बऱ्याच जलद गाड्याही थांबतात आणि स्थानकाच्या पूर्वेकडून बाग दहा-बारा मिनिटांच्या वाटेवर आहे. प्रवेशाचे १०० धरून १६० रुपयांत सहल पार पडते. मुंबईत याहून स्वस्त करमणूक विरळाच. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर राहणाऱ्याला ही बाग आजही जवळ आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अंधेरीच्या तशाच कुटुंबाचे रेल्वेभाडेही तेवढेच. परंतु त्यांना एक तर दादरला गाडी बदलावी लागते, म्हणजे सुटीच्या दिवशीच्या गर्दीत मुलांचा हात घट्ट धरून पूल चढावा आणि उतरावा लागतो; किंवा मुंबई सेंट्रलला उतरून पुढचे सुमारे अडीच किलोमीटर बसने अथवा टॅक्सीने जावे लागते. टॅक्सीचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून दीड किलोमीटरला ३१ रुपये झाले. त्या दराने हे अंतर ५० रुपयांच्या थोडे वर जाते आणि परतीचे धरून शंभरावर. म्हणजे अंधेरी ते मुंबई सेंट्रल हे सुमारे १७ किलोमीटर येऊनजाऊन ६० रुपयांत आणि पुढचे अडीच किलोमीटर १०० रुपयांत! चेंबूर, मानखुर्द, नवी मुंबईच्या रहिवाशांची अडचण निराळी. हार्बरच्या गाड्या भायखळ्याला जातच नाहीत. त्यांना कुर्ल्याला गाडी बदलणे भाग पडते. उपनगरात सहज मिळणारी रिक्षा येथे उपयोगाची नाही, कारण शहर भागात तिला परवानगी नाही. शीव आणि वांद्रे येथे तिची हद्द संपते.

राहिली बस. बेस्टचे किमान भाडे जुलै २०१९ मध्ये ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले गेले आणि मे २०२५ मध्ये ते १० रुपये झाले. वातानुकूलित गाडीचे १२. एकट्या प्रवाशाला हे भाडे आजही जड नाही. पण चार मोठी माणसे एकत्र निघाली की बसचे भाडे चौपट होते, टॅक्सीचे मात्र चौघांत विभागले जाते. दीड किलोमीटरच्या टप्प्याला बसने ४० रुपये आणि टॅक्सीने ३१, असा उलटा न्याय त्यातून निर्माण होतो. शहाणे कुटुंब टॅक्सी निवडते. त्याला दोष देता येत नाही. परंतु अशी शेकडो शहाणी कुटुंबे रविवारी दुपारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर एकवटली, की त्याच कोंडीत बस अडकते, तिच्या फेऱ्या घटतात, थांब्यावरची प्रतीक्षा लांबते आणि उरलेले प्रवासीही बस सोडतात. प्रत्येकाच्या दृष्टीने शहाणपणाचा असलेला निर्णय सर्वांच्या मिळून तोट्याचा ठरतो, याचे इतके उघड उदाहरण वर्गात शिकवायलाही सहसा सापडत नाही.

खासगी मोटारीने येणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा. मोटार घरी आहेच, तेव्हा इंधनाखेरीज जादा खर्च त्यांना जाणवत नाही. आणि ती अडवते त्या रस्त्याचे भाडे त्यांच्याकडून कोणी मागत नाही. याच बाजूने शहराने मोठा खर्च मात्र केला आहे. २००२ मध्ये जे. जे. रुग्णालयापासून दक्षिणेकडे आणि २०११ मध्ये लालबाग-परळ पट्ट्यावर उड्डाणपूल झाले. ज्याला भायखळा-लालबाग ओलांडून पलीकडे जायचे आहे, त्याची त्यांनी सोय केली. ज्याला भायखळ्यालाच यायचे आहे, त्याला पुलाखालचा रस्ता ओलांडायचा असतो आणि तुटक्या, व्यापलेल्या पदपथावरून चालायचे असते. स्थानकापासून बागेपर्यंतची ती दहा-बारा मिनिटांची वाट बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईसाठी किंवा काठी टेकत चालणाऱ्या आजोबांसाठी तेवढीच राहत नाही.

नव्या साधनांनीही हा शेवटचा टप्पा सुटलेला नाही. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिची स्थानके महालक्ष्मी आणि मुंबई सेंट्रलला आहेत, भायखळ्याला नाही. २०१९ मध्ये सातरस्त्यापर्यंत आलेली मोनोरेल सप्टेंबर २०२५ मध्ये नूतनीकरणासाठी थांबवावी लागली. हजारो कोटींचे मार्ग बागेपासून दोन-अडीच किलोमीटरवर येऊन ठेपतात आणि तिथून पुढे नागरिकाला त्याच्या नशिबावर सोडतात.

या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे. आपली वाहतूक व्यवस्था कामावर जाणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. सकाळी दक्षिणेला, संध्याकाळी उत्तरेला, हातात डबा आणि खिशात पास, असा तिचा प्रवासी आहे. कुटुंबाने, तेही रविवारी, निव्वळ आनंदासाठी केलेला प्रवास हा तिच्या लेखी प्रवासच नव्हे. म्हणून रेल्वेच्या देखभालीचा मेगाब्लॉक रविवारी येतो. रूळ दुरुस्त व्हायलाच हवेत, आणि कामगाराला सोमवारी वेळेवर पोहोचवायचे तर दुसरा दिवस कोणता, हा युक्तिवाद रास्तही आहे. पण त्याची किंमत ज्यांना आठवड्यात एकच दिवस मोकळा मिळतो त्यांनी मोजायची असते. बाग बुधवारी बंद असते. रोजंदारीवरच्या माणसाला मात्र रविवारखेरीज ती सहाही दिवस बंदच असते.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. महापालिकेपुढे पाणी, सांडपाणी, रुग्णालये असे निकडीचे प्रश्न असताना सहलीच्या वाटेची चिंता कशाला? ज्याला बाग हवी त्याने खर्च सोसावा. हा आक्षेप वरवर व्यवहारी वाटतो. पण एक खोलीत पाच माणसे राहणाऱ्या शहरात मोकळे मैदान आणि झाडांची सावली ही चैन नसते. ज्याच्याकडे मोटार, गच्ची आणि सोसायटीचा बगीचा आहे, त्याला राणीची बाग अनेक पर्यायांपैकी एक असते. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्याला ती जवळजवळ एकमेव असते. तेव्हा वाटेचा खर्च वाढला की नेमका तोच गळतो, ज्याच्यासाठी सार्वजनिक उद्यान असायला हवे. करांतून चालणारी संस्था मग मोटारवाल्यांच्या सोयीची होते आणि तिचा तोटा सर्वांच्या नावावर मांडला जातो.

सुदैवाने उपाय अवघड नाहीत. उद्यान महापालिकेचे, रस्ता आणि पदपथ महापालिकेचे, आणि १९४७ पासून बेस्ट हाही महापालिकेचाच उपक्रम. मालक एकच आहे. हिशेबाच्या वह्या तेवढ्या वेगळ्या. त्या एकत्र वाचल्या, तर सुटीच्या दिवशी मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी आणि भायखळा या स्थानकांना बागेशी जोडणारी थेट बस ठरावीक अंतराने सोडता येईल. बागेत कुटुंबाला सवलतीचे तिकीट मिळते, तसेच ते या बसमध्येही देता येईल, म्हणजे टॅक्सीचा उलटा न्याय सरळ होईल. परिसरात मोटार उभी करण्याचे शुल्क रविवारी वाढवून त्या उत्पन्नातून या फेऱ्यांचा तोटा भरता येईल. जागा अडवणाऱ्याने जागा न अडवणाऱ्याचे भाडे हलके करावे, यात अन्याय नाही. स्थानकापासून दारापर्यंत सलग, मोकळा पदपथ आणि रस्ता ओलांडण्यास पुरेसा वेळ देणारा सिग्नल यांसाठी उड्डाणपुलाएवढा पैसा लागत नाही, निर्धार लागतो. आणि सर्वांत आधी, तिकीटखिडकीवर प्रत्येक कुटुंबाला दोनच प्रश्न विचारावेत: कुठून आलात आणि कशाने आलात? महिनाभरात जी माहिती जमेल, तिच्यावरून बाग कोणापर्यंत पोहोचते आणि कोणापर्यंत पोहोचत नाही, याचा नकाशा तयार होईल.

प्रवेशशुल्क ५ रुपये असावे की ५०, यावर मतभेद राहतील आणि ते राहावेत. परंतु शुल्क पूर्ण माफ केले, तरी अंधेरीच्या त्या कुटुंबाचा टॅक्सीचा खर्च एका पैशाने घटणार नाही, मानखुर्दच्या आईची कुर्ल्याची धावपळ थांबणार नाही. बाग सार्वजनिक आहे की नाही याचा निर्णय तिच्या दारावरच्या फलकाइतकाच बसथांब्यावर, रेल्वेच्या पुलावर आणि पदपथाच्या फरशीवर होत असतो. महापालिकेने पुढच्या अर्थसंकल्पात उद्यानाच्या तरतुदीशेजारी त्याच्या वाटेसाठीही एक ओळ लिहावी.